ओहमचा नियम मोडणारा खडा

गिटारचा स्वच्छ स्वर फाटका, खरबरीत आणि भरदार करणारे पेडल बाजारात तयार मिळते. तरीही ते घरी स्वतःच्या हाताने जोडण्याचा छंद असणारे पुष्कळ आहेत. सीवूड्ससारख्या नवी मुंबईच्या उपनगरात राहणारा असा छंदिष्ट हार्बर लोकल धरून मुंबई गाठतो, ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेतो आणि संध्याकाळी घरच्या टेबलावर सोल्डरिंगची कांडी तापवतो. त्याने आणलेल्या कागदी पुडीत तांदळाच्या दाण्याएवढे दोन डायोड असतात. किमतीने किरकोळ, पण पेडलचा सगळा खरबरीतपणा त्यांच्याच जिवावर. या डायोडचा एक पूर्वज सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात तयार झाला. शिशाच्या खनिजाचा एक खडा आणि त्यावर टेकवलेले धातूचे टोक, एवढेच त्याचे रूप होते. तो तयार करणाऱ्या माणसाला आपण वनस्पतींचे शास्त्रज्ञ म्हणून जास्त ओळखतो. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळात हुद्देदारांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे त्याच्या शेजारी चपराशाचा मुलगा बसे, कोळ्याचा मुलगा बसे. मासे, पक्षी, पाण्यातले किडे यांच्या गोष्टी त्याने याच सोबत्यांकडून ऐकल्या. वडिलांनी कारागिरांना काम मिळावे म्हणून उद्योग काढले, त्यातले काही बुडाले आणि डोक्यावर कर्ज राहिले. या कर्जाचा संबंध पुढे जगदीशचंद्रांच्या आयुष्याशी आला.

कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ यांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. फादर वर्गात प्रयोग करून दाखवत, आणि प्रयोग पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडला पाहिजे हा धडा बोस यांनी तिथे घेतला. तरी १८८० मध्ये ते लंडनला गेले ते डॉक्टर होण्यासाठी. तिथे शरीराने साथ दिली नाही. भारतात असतानाच जडलेला ताप, जो काळा आजार असावा असे मानले जाते, पुन्हा पुन्हा उलटत राहिला. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने त्रास आणखी वाढला. शेवटी वैद्यकीय शिक्षण सोडून ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात विज्ञान शिकायला गेले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक लाभले. रॅले हे ध्वनिशास्त्रातले मोठे नाव. एका आजाराने भारताने एक डॉक्टर गमावला आणि एक भौतिकशास्त्रज्ञ कमावला.

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या वेळी सरकारी शिक्षण सेवेत भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक तात्पुरती असल्याने त्यांच्या वाट्याला त्याहूनही कमी येणार होते. त्यांनी नोकरी सोडली नाही की भांडण केले नाही. ते रोज कॉलेजात गेले, मन लावून शिकवले आणि पगार मात्र घेतला नाही. असे तीन वर्षे चालले. घरी कर्ज होते, १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झाले होते, आणि तरी पगाराला हात लावला गेला नाही. अखेर कॉलेजने त्यांना पूर्ण पगाराचा हक्क दिला, तोही मागच्या तारखेपासून. ती थकबाकी वडिलांचे कर्ज फेडायला उपयोगी पडली.

संशोधनाची सोय कॉलेजात नव्हती. बोस यांना मिळाली ती सुमारे २४ चौरस फुटांची, न्हाणीघराला लागून असलेली जागा. आजच्या सीवूड्समधल्या छोट्या फ्लॅटचे स्वयंपाकघरही याहून मोठे असते. उपकरणे विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी ती घडवली. १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी पुढचे आयुष्य संशोधनाला द्यायचे ठरवले.

त्या काळात युरोपात हर्ट्झ यांच्या विद्युतचुंबकीय लहरींची चर्चा होती. हर्ट्झ यांनी वापरलेल्या लहरी मीटरच्या मापातल्या होत्या. त्या प्रकाशासारख्याच वागतात हे तपासायचे तर मोठमोठे आरसे आणि भिंगे लागत. एवढ्याशा खोलीत ते बसवणार कुठे? बोस यांनी लहरच लहान केली. त्यांनी ५ मिलिमीटरपर्यंत लांबीच्या लहरी निर्माण केल्या. आज आपण ज्यांना मायक्रोवेव्ह आणि मिलिमीटर लहरी म्हणतो, त्या याच. त्यांना वाट दाखवण्यासाठी पोकळ नळ्या आणि कर्ण्यासारखी तोंडे बनवली. लहरींचे ध्रुवीकरण दाखवायला रेल्वेचे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ वर्ख घातले. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून लहर पाठवून साखरेचे द्रावण प्रकाशाला कसे वळवते याची प्रतिकृती केली. पुस्तक, ताग, पत्रा अशा हाताशी असलेल्या वस्तूंनी जगात कुठेच न झालेले प्रयोग होत होते.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. बिनतारी लहर भिंती आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे शरीर ओलांडून सुमारे ७५ फुटांवर पोहोचली. तिथे तिने घंटा वाजवली आणि दारू पेटवली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले आणि युरोप त्यांना ओळखू लागला.

लहर निर्माण करणे जमले होते. खरी अडचण होती ती लहर आल्याचे ओळखण्याची. त्या वेळी यासाठी कोहरर नावाची युक्ती वापरत. नळीत धातूचा कीस भरलेला असे, लहर आली की कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. पुन्हा वापरायचे तर नळीला टिचकी मारून कण मोकळे करावे लागत. बोस यांनी किसाऐवजी पोलादी स्प्रिंगा वापरल्या, पण बंगालच्या दमट, उष्ण हवेत त्यांवर गंज चढे. म्हणून त्यांनी स्प्रिंगांवर कोबाल्टचा मुलामा दिला. खाडीकाठी राहणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. पावसाळ्यात गिटारच्या जॅकवर आणि स्विचच्या पायांवर असाच थर चढतो आणि आवाज खरखरू लागतो.

वेगवेगळे पदार्थ तपासताना बोस गॅलेनापर्यंत आले. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे चमकदार, चौकोनी कणांचे खनिज. त्याच्या स्फटिकावर धातूचे टोक हलके टेकवले, स्क्रूने दाब जुळवला आणि त्यातून वीज सोडली. साध्या तारेत ओहमचा नियम चालतो. व्होल्टेज दुप्पट केले की प्रवाहही दुप्पट होतो, आलेख काढला तर सरळ रेघ येते. गॅलेनाच्या बाबतीत रेघ सरळ आली नाही. व्होल्टेज वाढवत नेले की प्रवाह प्रमाणाबाहेर वाढू लागे, आणि रेघ वाकत वर चढे. काही खनिजे एका दिशेने वीज जास्त जाऊ देतात, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्येच पाहिले होते. बोस यांनी त्या वाकड्या रेघेला कामाला लावले. रेघेच्या वळणावर संपर्क जुळवून ठेवला की येणारी दुबळी लहर प्रवाहात मोठा फरक पाडते, आणि टिचकी मारायची गरज राहत नाही. हा खडा मायक्रोवेव्हच नव्हे तर दिसणाऱ्या प्रकाशालाही दाद देत असे. त्यामुळे बोस त्याची तुलना डोळ्याशी करत. त्याला त्यांनी नाव दिले तेजोमीटर.

ही वाकडी रेघच घरच्या पेडलमध्ये काम करते. गिटारच्या पिकअपमधून येणारा संकेत साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास असतो. पेडलमध्ये तो आधी एका कपॅसिटरमधून जातो. मग ऑप-अँप नावाची आठ पायांची चिप त्याला कित्येक पटींनी मोठा करते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालताना या चिपला मधली पातळी लागते, म्हणून दोन सारखे रेझिस्टर जोडून साडेचार व्होल्टचा बिंदू तयार करतात. मोठा झालेला संकेत पुढे ज्या तारेवरून जातो, तिथून दोन डायोड एकमेकांच्या उलट तोंडाने अर्थला जोडतात. संकेत लहान असेपर्यंत डायोड गप्प असतात. तो ठरावीक पातळीच्या वर गेला की डायोड वाहू लागतात आणि लहरीचा शेंडा कापला जातो. जर्मेनियमचा डायोड साधारण ०.३ व्होल्टला कापतो, तोही हळूहळू, गोलसर. सिलिकॉनचा ०.६ ते ०.७ व्होल्टला कापतो आणि काप जास्त धारदार असतो. वर आणि खाली सारखे कापले तर मूळ स्वरात तिप्पट, पाचपट अशा विषम पटींच्या कंप्रता मिसळतात. कान त्यालाच खरबरीतपणा म्हणतो. एक डायोड जर्मेनियमचा आणि एक सिलिकॉनचा लावला तर काप असमान होतो आणि सम पटींचे स्वरही येतात. एमएक्सआरच्या डिस्टॉर्शन प्लस या प्रसिद्ध पेडलमध्ये याच पद्धतीने दोन जर्मेनियम डायोड अर्थला जोडलेले असतात.

बाकीचे जोडकाम संयमाचे आहे. पायाने दाबायच्या स्विचला नऊ टोके असतात. ती उलटसुलट झाली तर पेडल बंद केल्यावर गिटारचा आवाजही बंद होतो. आत येणारा जॅक स्टिरिओ घेतात, म्हणजे दोरी घातल्यावरच बॅटरीची ऋण तार जोडली जाते आणि एरवी बॅटरी वाया जात नाही. ॲडाप्टरच्या पिनमध्ये मध्यभागी ऋण असते, हे विसरले तर भाग जळू शकतात. सगळे काम नऊ व्होल्टचे असल्याने झटका बसत नाही. मात्र घरच्या विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर उघडणे ही वेगळी आणि जिवावर बेतू शकणारी गोष्ट आहे.

गॅलेनाच्या नात्याने एक काळजीही पेडलसोबत घरात येते. गॅलेना हे शिशाचे मुख्य खनिज, आणि नेहमीच्या सोल्डरच्या तारेत कथिलाबरोबर शिसेच असते. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका असतो तो बोटांवरून तोंडात जाण्याचा. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याची थोडी मात्राही बाधते. म्हणून जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये. करावेच लागले तर खाली वेगळा पत्रा किंवा कागद घालावा, काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे आणि साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. शिसे नसलेली सोल्डरची तारही मिळते. नाकाला झोंबणारा धूर शिशाचा नसून रोझिनचा असतो. दमा असणाऱ्यांना तो त्रास देतो आणि रोज त्यात काम करणाऱ्यांना दमा जडूही शकतो. खिडकी उघडी आणि धूर बाहेर ओढणारा पंखा, एवढी व्यवस्था हवीच.

दुसरी काळजी कानाची. शेंडे कापलेल्या लहरीची उंची कमी असते, पण तिच्यात सरासरी ऊर्जा जास्त भरलेली असते. ती भरदार वाटते आणि वाजवणारा आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. हेडफोनवर तासन्‌तास सराव करणाऱ्याने हे गणित लक्षात ठेवावे, कारण आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

बोस यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न या खड्यानेच उभा केला. तो त्यांनी स्वतःच्या नावावर करायचा का? उपकरण घडवावे, कसे घडवले ते उघडपणे सांगावे आणि ज्याला हवे त्याने ते वापरावे, अशी त्यांची वृत्ती होती. बिनतारी यंत्रांच्या धंद्यातून त्यांना पैशाचे प्रस्ताव आले, ते त्यांनी नाकारले. शेवटी सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला. सारा बुल या नॉर्वेचे विख्यात व्हायोलिनवादक ओले बुल यांच्या पत्नी. त्यांच्या खटपटीने १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ रोजी गॅलेनाच्या ग्राहकाला पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणाला मिळालेले हे जगातले पहिले पेटंट मानले जाते. बोस यांनी त्यातून पैसा कमावला नाही आणि पेटंट तसेच संपू दिले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल बिनतारी संदेशवहनासाठी मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळाले. मार्कोनी यांनी १९०१ च्या अटलांटिकपारच्या प्रयोगात वापरलेला पाऱ्याचा ग्राहक बोस यांनी १८९९ मध्ये जाहीर केलेल्या रचनेशी जुळतो, हे पुढे अभ्यासकांनी दाखवले. बोस तोवर दुसऱ्या वाटेला लागले होते. त्या वाटेचे मूळही ग्राहकातच होते. सतत वापरला की ग्राहक मंदावतो आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. थकलेल्या स्नायूच्या आलेखाशी त्याचे साम्य दिसले. मग त्यांनी धातू, स्नायू आणि वनस्पती यांना सारखेच विजेचे धक्के, सारखीच गुंगीची औषधे आणि विषे देऊन आलेख काढले. १९०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे वनस्पतीची वाढ लाखो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवले.

यावर इंग्लंडमधल्या शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून टीका केली. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रात येऊ नये, असा तिचा सूर होता. त्यातली सगळीच टीका चुकीची नव्हती. वनस्पतींना माणसासारख्या भावना असतात, असे आजचे विज्ञान मानत नाही. पण वनस्पतींच्या शरीरातून विजेचे संकेत धावतात हे आता निर्विवाद आहे, आणि ते मोजण्याची दिशा बोस यांनी दाखवली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध करणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, बोस यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था उघडली. पगार नाकारलेल्या, न्हाणीघराशेजारी काम केलेल्या माणसाने पुढच्यांना तशी वेळ येऊ नये म्हणून केलेली ही सोय होती. संस्थेत निघालेले शोध सर्वांसाठी खुले राहावेत आणि त्यांवर पेटंट घेऊ नये, हा त्यांचा दंडक होता. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला एक आठवडा उरला होता.

गॅलेनाचा खडा त्यांच्यामागे दोन वाटांनी जगला. १९२० च्या दशकात लोकांनी घरी बनवलेल्या क्रिस्टल रेडिओत तो बसला, आणि मुले त्यावर बारीक तार टेकवून स्टेशन शोधत राहिली. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी सिलिकॉन आणि जर्मेनियमचे टोकसंपर्क डायोड लागले. युद्धानंतर १एन३४ हा जर्मेनियम डायोड बाजारात आला. स्फटिकावर टेकलेली बारीक तार, अशी त्याची रचना होती. गिटारवाले आजही दुकानात त्याच्याच कुळातला १एन३४ए मागतात. पेडलच्या जोडणीचे नकाशे छंदिष्ट एकमेकांना फुकट देतात, एकमेकांच्या चुका दुरुस्त करतात आणि नवी जोडणी पुन्हा सगळ्यांसमोर ठेवतात. पेटंट संपू देताना बोस यांना ज्ञानाचा असाच वापर हवा होता.